वरून तिसरी डिस्क

मंगळवारी सकाळी दिनकरराव इंगवल्यांच्या घरातली पेटी ओरडायला लागली, तेव्हा पद्माबाईंना आधी वाटलं की कुकरच्या शिट्टीचं काहीतरी बिघडलं. मग वाटलं, फ्रिज गेला. मग त्यांनी शिंदे की छावनीतल्या त्या दुमजली घरात ज्या ज्या वस्तूला आवाज काढता येतो तिला तिला कान लावून पाहिला, आणि अखेर बैठकीच्या कोपऱ्यात, क्रोशाच्या रुमालाखाली ठेवलेल्या काळ्या पेटीपाशी येऊन उभ्या राहिल्या. पेटी दर चार सेकंदांनी एकदा, न थकता, टीं करत होती. त्या घरात न थकलेलं असं तेवढंच होतं.

"अहो, तुमचा कुलवृत्तांत ओरडतोय," त्यांनी गच्चीकडे तोंड करून सांगितलं. "बघा न जरा. माझं डोकं उठलंय."

दिनकरराव गच्चीवर उन्हात पाठ शेकत बसले होते. अडुसष्ट वर्षांचे, पाटबंधारे खात्याच्या अभिलेख शाखेतून निवृत्त झालेले गृहस्थ. अभिलेख शाखा म्हणजे जिथे फायली मरायला येतात ती जागा असं इतरांना वाटतं. दिनकररावांना ती खात्याचा आत्मा वाटायची. वस्तू चोरीला जाते, गंजते, हरवते. माणूस बदलून जातो, मरतो. कागद मात्र जागेवर असतो, आणि कागदावर जे लिहिलेलं असतं ते खरं असतं, एवढ्या एका श्रद्धेवर त्यांनी छत्तीस वर्षं नोकरी केली होती.

निवृत्त झाल्यापासून ते इंगवल्यांचा कुलवृत्तांत लिहीत होते. शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे उत्तरेत एका घोड्यानिशी आलेल्या कान्होजी इंगवल्यापासून थेट मागच्या महिन्यात हैदराबादेत जन्मलेल्या मुलीपर्यंत सगळी शाखा-उपशाखा. त्यासाठी नातेवाइकांच्या पेट्यांतले कागद, फोटो, सनदा यांच्या प्रती काढल्या होत्या, आणि घराण्यातल्या सदतीस म्हाताऱ्यांना समोर बसवून त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं होतं. त्यातले एकवीस जण आता बोलण्याच्या पलीकडे गेले होते. हे सगळं त्या पेटीत होतं. फक्त त्या पेटीत होतं.

पेटी सौरवनं बनवून दिली होती. सौरव म्हणजे दिनकररावांच्या थोरल्या बहिणीचा, शालिनीताईंचा, धाकटा मुलगा. हैदराबादेत कॉम्प्युटरच्या मोठ्या नोकरीत. तीन वर्षांपूर्वी सुट्टीत येऊन त्यानं जुन्या कॉम्प्युटरच्या खोक्यात एकाखाली एक चार खण केले, चार खणांत चार डिस्का बसवल्या आणि मामांना समजावून सांगितलं, "मामा, या चौघींपैकी एक मेली तरी काही जात नाही. उरलेल्या तिघी मिळून तिचं सगळं परत उभं करतात. पण दोन गेल्या तर सगळंच गेलं, हं."

दिनकररावांनी यातला 'चार' हा शब्द ऐकला आणि त्यांचं समाधान झालं. खात्यात प्रत्येक आदेशाच्या चार प्रती निघत. मूळ प्रत, संबंधितास, लेखा शाखेस आणि कार्यालयीन. चार डिस्का म्हणजे चार प्रती. वेगळी नक्कल कुठे ठेवावी, असा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलाच नाही. पुढचं वाक्य सौरवनं उगाच घाबरवायला घातलं असावं, असं त्यांनी मानलं.

तर पेटी ओरडत होती. दिनकररावांनी पेटीला कॉम्प्युटरचा पडदा जोडला, चष्मा लावला आणि वाचलं. एक डिस्क नापास झाली होती. कोणती, ते तिच्या नंबरावरून सांगितलं होतं, आणि नंबराच्या शेवटी होतं सात, के, चार, डी. त्यांनी सौरवला फोन लावला.

"घाबरायचं काही नाही, मामा," सौरव म्हणाला. "पेटीच्या बाजूला मी कागद चिकटवलाय न, त्यावर बघा ती कुठल्या खणात आहे. पेटी बंद करा, ती काढा, तेवढ्याच साइजची नवी बसवा, पेटी चालू करा. फक्त काढल्यावर डिस्कवरचा नंबर एकदा ताडून बघा. चुकून दुसरी निघाली तर पंचाईत होईल."

कागदावर लिहिलं होतं, वरून तिसरी, सात के चार डी. दिनकररावांनी पेटी बंद करून वरून तिसरी डिस्क काढली. तिच्यावरचा नंबर वाचायला गेले तर नंबराच्या जागी कुंकू होतं. वाळलेलं, घट्ट बसलेलं, कडेला दोन अक्षता चिकटलेलं कुंकू. त्यांनी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं, उजेडाला धरून पाहिलं.

"बघितला का नंबर?" फोनवरून सौरव.

"बघितला," दिनकरराव म्हणाले. "तोच आहे." कागदावर स्वच्छ लिहिलेलं असताना वस्तूला पुन्हा विचारायचं म्हणजे कागदाचा अपमान, असं त्यांचं मत होतं.

नवी डिस्क सिटी सेंटरातून दुपारपर्यंत आणली. बसवली. पेटी चालू केली. ओरडणं थांबलं. पद्माबाईंनी हात जोडले आणि वरण फोडणीला टाकलं. पाच मिनिटांनी दिनकररावांनी पडद्याकडे पाहिलं. पेटी बरी होऊन गप्प झाली नव्हती. पडद्यावर लिहिलं होतं की डिस्का पुरेशा नाहीत, काहीच उघडता येत नाही. कान्होजी इंगवल्यापासून हैदराबादच्या मुलीपर्यंत सगळं कुळ एका ओळीत संपलं होतं.

आता शिंदे की छावनीत कोणाच्या घरी काही बिघडलं तर ते लपत नाही. संध्याकाळच्या चहाला गल्लीतले दोन जाणकार हजर झाले. एक, समोरचे संग्रामसिंह, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आणि नात्यानं दिनकररावांचे चुलतभाऊ. दुसरे लक्ष्मीकांतजी पुराणिक, शाळेत चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेले, त्यामुळे ज्या वस्तूला वायर असते तिच्यावर आपला अधिकार आहे असं मानणारे.

"हे अर्थिंगचं आहे," लक्ष्मीकांतजींनी बसण्याआधीच निदान केलं. "मी तर कधीपासून म्हणतोय, या गल्लीचं अर्थिंगच बरोबर नाही. मतलब, मुळातच."

संग्रामसिंहांनी पेटीला चारी बाजूंनी फेरी मारली. "आमच्या युनिटमध्ये वायरलेस सेट असा बसला की आम्ही त्याला इथे एक द्यायचो," ते म्हणाले, आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी पेटीला तिथे एक दिली. पेटीवर परिणाम झाला नाही. क्रोशाचा रुमाल खाली पडला.

मग पेटी तीनदा बंद करून चालू केली. नवी डिस्क काढून फुंकर मारून बसवली. लक्ष्मीकांतजींच्या सांगण्यावरून पेटीच्या पायांखाली रबराची चप्पल घातली. या सगळ्यात कुठली तरी कळ दाबली जाऊन पडद्यावर एक प्रश्न आला. नवीन मांडणी तयार करायची का. खाली लाल अक्षरांत आणखी एक ओळ होती, पण लक्ष्मीकांतजींची वाचायची पद्धत प्रश्न सोडवण्याची होती. पहिली ओळ दिसली की ते उत्तराकडे वळत.

"बघा, ती स्वतःच विचारतेय," ते म्हणाले. "हो दाबा. दाबा न."

दिनकररावांचं बोट निघालं, आणि त्याच क्षणी दिवा, पडदा आणि पेटी सगळं एकदम बंद झालं. बैठकीच्या दाराशी पद्माबाई मेन स्विचवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मला तुमच्याइतकं इंग्रजी येत नाही," त्या म्हणाल्या, "पण लाल रंगात कोणी चांगली बातमी लिहीत नाही. चहा घ्या आणि आता घरी जा तुम्ही दोघं."

त्या लाल ओळीत लिहिलं होतं की आधीचं सर्व काही पुसलं जाईल. दिनकररावांनी ते नंतर, एकटे असताना, तोच प्रश्न पुन्हा पडद्यावर आणून तीनदा वाचलं.

बुधवारी सौरवचा फोन आला. "झालं का, मामा?"

"झालं," दिनकरराव म्हणाले. "एकदम व्यवस्थित." का म्हणाले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. छत्तीस वर्षांत आपल्या शाखेतला एक कागद हरवला नाही, हे वाक्य त्यांनी सौरवला लहानपणापासून इतक्यांदा ऐकवलं होतं की आता मागे फिरायला जागा राहिली नव्हती.

"बरं झालं. मी येतोच आहे पुढच्या शनिवारी, सगळ्यांना घेऊन. रविवारी आईचं वर्षश्राद्ध. मामा, जेवणानंतर आईचं रेकॉर्डिंग लावू या? तुम्ही चार दुपारी बसून केलेलं. मी अजून एकदाही ऐकलेलं नाही. हिंमतच नाही झाली यार."

"लावू," दिनकरराव म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांनीही ते कधी ऐकलं नव्हतं. क्रमांक सतरा, शालिनीताई, कालावधी एवढा, विषय सण व रीतिरिवाज, अशी नोंद करून त्यांनी ते पेटीत ठेवलं होतं. स्वतःची आई गेली तेव्हा दिनकरराव पाच वर्षांचे होते. त्यांची वेणीफणी सोडून बाकी सगळं ताईनं केलं होतं. आणि त्या ताईचा आवाज आता एका गप्प पेटीत होता, तिच्या मुलाला 'व्यवस्थित आहे' असं सांगून झालं होतं, आणि हातात अकरा दिवस होते.

माणूस अशा वेळी काय करतो? दिनकररावांनी वॉरंटीचा कागद शोधला. नापास डिस्कची मुदत संपायला दोन महिने होते आणि मुदतीतला कागद वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शिवाय काहीतरी केल्यासारखं झालं असतं. गुरुवारी ते सिटी सेंटरातल्या सेवा केंद्रात गेले. तिथे टोकन घ्यायचं, टोकन दाखवून फॉर्म घ्यायचा, फॉर्म भरला की त्यावर टोकनाचा नंबर लिहायचा आणि तोवर तो नंबर होऊन गेलेला असायचा म्हणून नवीन टोकन घ्यायचं, अशी व्यवस्था होती. दिनकररावांना ती मनातून आवडली. साडेतीन तासांनी ते खिडकीपाशी पोहोचले.

खिडकीतल्या माणसानं डिस्क हातात घेतली आणि नाक आक्रसलं. "ये लाल-लाल क्या है?"

"कुंकू."

"और ये पीला?"

"हळद. हल्दी. और ये अक्षता है. चावल. पूजा की थी इसकी."

माणसानं फॉर्मच्या एका रकान्यात काळजीपूर्वक लिहिलं, बाहरी पदार्थ. मग शिक्का उचलला. "सर, वॉरंटी खतम."

"अरे, पूजेनं काय होतं? भक्तिभाव से की थी."

"सर, कंपनी की पॉलिसी में पूजा कवर नहीं है." तो माणूसही दमलेलाच होता. "ले लेता तो आज शाम ही क्रशर में चली जाती ये. आप घर ले जाइए."

दिनकररावांनी नकार लेखी मागितला. तो मिळाला. त्यावर शिक्का पुसट उठला होता, तो पुन्हा मारून घेतला. मग ते घरी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू, नोंद न करता, कचऱ्याच्या डब्यात टाकली.

पद्माबाईंनी ती लगेच बाहेर काढली. "पूजलेली वस्तू कचऱ्यात? अहो, काय झालंय तुम्हाला?" त्यांनी ती पदराच्या टोकानं झटकली, एका लाल फडक्यात गुंडाळली आणि मागच्या दाराजवळ खुंटीला टांगलेल्या निर्माल्याच्या पिशवीत ठेवली. ही पिशवी दर अमावास्येला संग्रामसिंह घेऊन जात. गल्लीतल्या सात-आठ घरांच्या पिशव्या स्कूटरला अडकवून सागरतालावर नेऊन पाण्यात शिरवून यायच्या, ही सेवा त्यांनी निवृत्तीनंतर स्वतःकडे घेतली होती आणि युनिटच्या शिस्तीनं ते ती पाळत होते.

शुक्रवार, शनिवार आणि रविवार दिनकररावांनी पेटीसमोर बसून घालवले. काही केलं नाही, नुसते बसले. दोन वेळा लक्ष्मीकांतजी अर्थिंगची चौकशी करून गेले. रविवारी रात्रीचं पिठलं तसंच उरलेलं पाहून पद्माबाई म्हणाल्या, "माझ्या मैत्रिणीचा फोन नाल्यात पडला होता, तिचे सगळे फोटो एका मुलीनं काढून दिले. सिटी सेंटरला बसते. गरिमा नाव आहे. उद्या घेऊन जा ही पेटी. मी नाही बघू शकत तुम्हाला असं."

गरिमाचं दुकान एका कोचिंग क्लासच्या वर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्टवर 'बंद है' अशी पाटी इतकी जुनी होती की तिलाही दुरुस्तीची गरज होती. दिनकरराव पेटी छातीशी धरून, दर पायरीवर कुळातल्या एकेका पुरुषाची आठवण काढत वर पोहोचले. गरिमा तिशीतली, केस वर बांधलेली, कमी बोलणारी मुलगी होती. तिनं पेटी टेबलावर ठेवून घेतली आणि विचारलं, "अंकल, बैकअप?"

"चार हैं," दिनकरराव धापा टाकत म्हणाले.

"कहाँ?"

त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं. गरिमानं आतून पाण्याचा ग्लास आणून दिला. "अंकल, ये चार कॉपी नहीं हैं. ये एक ही कॉपी है, चार में बँटी हुई. एक चली जाए तो बाकी तीन सँभाल लेती हैं. दो नहीं सँभालतीं."

दिनकरराव खुर्चीवर बसले. सौरवचं ते शेवटचं वाक्य तीन वर्षांनी, तिसऱ्या मजल्यावर, त्यांना पोहोचलं.

गरिमानं चारी डिस्का काढल्या. एक नवी कोरी. बाकी तिघींवर कुंकू. तिनं कापसाला स्पिरिट लावून एकेकीचं कपाळ पुसलं आणि नंबर वाचत गेली. दुसऱ्या वेळी थांबली. "सात के चार डी तो यहीं है. दूसरे खाने में. खराब वाली अंदर ही बैठी है, अंकल. आपने अच्छी वाली निकाल दी."

"असं कसं होईल?" दिनकररावांना आता मराठी-हिंदीचं भान राहिलं नव्हतं. त्यांनी पेटीच्या बाजूचा कागद दाखवला. "हे बघ. स्पष्ट लिहिलंय. वरून तिसरी."

"कागज़ ठीक है. डिस्कें जगह पर नहीं हैं. किसी ने निकाली थीं क्या कभी?"

कुणी नाही, असं म्हणायला दिनकररावांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यांनी पद्माबाईंना फोन लावला. "ऐक, खंडेनवमीचा फोटो पाठव. हो, आत्ता. नंतर सांगतो."

फोटो आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इंगवल्यांच्या घरी हत्यारांची पूजा असते, कान्होजीच्या काळापासून. आता हत्यारं म्हणावीत अशी एक बोथट तलवार आणि एक जंबिया एवढीच उरली आहेत, म्हणून घरात ज्याच्या जिवावर जो जगतो ती वस्तू मांडतात. पद्माबाईंची विळी, शिलाई मशीनची कात्री, स्टेपलर. आणि मागच्या खंडेनवमीला दिनकररावांना वाटलं होतं की आपलं खरं हत्यार तर त्या पेटीत आहे, आणि पेटीची नुसती बाहेरून पूजा करणं म्हणजे म्यानाची पूजा करून तलवार आत ठेवण्यासारखं आहे. त्यांनी चारी डिस्का बाहेर काढल्या होत्या. फोटोत देवीच्या टाकाच्या चारी बाजूंना एकेक डिस्क होती, वर झेंडूची पाकळी, खाली 'खंडेनवमीच्या शुभेच्छा, इंगवले परिवार'. पूजा झाल्यावर त्यांनी त्या प्रदक्षिणेच्या दिशेनं, एकामागून एक उचलल्या होत्या आणि वरच्या खणापासून बसवत गेले होते. काढताना मात्र वेगळ्या क्रमानं मांडल्या होत्या. पेटीला क्रमाचं काही वाटलं नाही, ती चालली. कागद तेवढा खोटा पडला, आणि ते कोणाला कळलं नाही.

गरिमानं फोटो मोठा करून पाहिला. ती हसली नाही, हे दिनकररावांनी नंतर पुष्कळांना सांगितलं. "आपने पेटी बंद करके ही निकाली थी न वो? फिर चांस है. वो निकाली हुई डिस्क ले आइए. उसमें कुछ लिखा नहीं गया है तो सब मिल सकता है. कहाँ है वो?"

दिनकररावांनी पुन्हा फोन लावला. "पद्मा, ती लाल फडक्यातली."

पद्माबाईंचा आवाज आला, अगदी हळू. "अहो, आज अमावास्या आहे न. सोमवती. संग्रामसिंह पिशव्या घेऊन गेले, झाला अर्धा तास."

"त्यांना फोन कर."

"केला. घरी चार्जिंगला लावून गेलेत."

दिनकरराव तीन मजले उतरले, कसे ते त्यांना आठवत नाही. ऑटोवाल्याला सागरताल सांगून मागच्या सीटवर बसले आणि मग त्यांचा धीर सुटला. रस्त्यात मिरवणूक आडवी आली, मग एक म्हैस, मग पुन्हा तीच मिरवणूक. त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. संग्रामसिंह, ताठ उभे, हात पुढे, आणि ताई पाण्यात जातेय. त्यांना रडू आलं. ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं आणि विचारलं, "बाबूजी, अस्थि हैं क्या?" दिनकररावांनी मान हलवली, हो का नाही ते त्यांनाही कळलं नाही. ऑटोवाल्यानं गाणं बंद केलं.

सागरतालाच्या काठी निर्माल्यासाठी कुंपण घातलेला हौद आहे. त्याच्या दाराशी संग्रामसिंह उभे होते, ताठच, आणि त्यांच्या समोर शिट्टी गळ्यात अडकवलेला पहारेकरी तितकाच ताठ. मध्ये जमिनीवर सात पिशव्या उघड्या, आणि सगळ्यांत वर लाल फडकं.

"फूल इधर, कपड़ा उधर," पहारेकरी सांगत होता. "लोहा नहीं चलेगा. लोहा कबाड़ी को दो."

"कबाड़ कैसे? पूजी हुई चीज़ है ये," संग्रामसिंह म्हणाले. "इसमें नहीं तो सीधे ताल में डालूँगा."

"ताल में डालोगे तो मैं सीटी बजाऊँगा."

हे गेली पंचवीस मिनिटं चाललं होतं. संग्रामसिंहांनी दोनदा पाण्याकडे पाऊल टाकलं होतं आणि पहारेकऱ्यानं दोनदा शिट्टी वाजवली होती. दिनकरराव धावत आले, डिस्क उचलून छातीशी धरली आणि मग पहारेकऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले. छत्तीस वर्षं लोकांना नियम सांगून शिव्या खाल्लेल्या माणसानं, नियम सांगितल्याबद्दल दुसऱ्या माणसाचे आभार मानले. पहारेकरी गोंधळला. असं त्याच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

"अहो, झालं काय?" संग्रामसिंहांनी विचारलं.

"काही नाही," दिनकरराव म्हणाले. "स्कूटर काढा. सिटी सेंटर."

गरिमानं डिस्क पुसली, खणात बसवली, बिघडलेली बाहेर काढली. पेटी कुरकुरत उठली. पडद्यावर एकेक करून इंगवल्यांच्या शाखा उघडायला लागल्या आणि दिनकररावांचा जीव भांड्यात पडला. "अभी ये तीन टाँग पर खड़ी है," गरिमा म्हणाली. "पहले पूरी नकल अलग निकालूँगी, फिर नई डिस्क जोड़ूँगी. कल तक लगेगा. और अंकल, आप घर जाइए. आप हर पाँच मिनट में पूछेंगे तो मुझसे ही कुछ गलत होगा."

घरी आल्यावर त्यांनी सौरवला फोन केला आणि सगळं सांगितलं. कुंकवापासून सागरतालापर्यंत, 'व्यवस्थित' या शब्दासकट. मध्ये एकदाही थांबले नाहीत, कारण थांबले असते तर पुढे सांगवलं नसतं.

"सौरव?"

"ऐकतोय, मामा." त्याचा आवाज जड होता, आणि तरी त्यात हसू होतं. "नकलेची डिस्क मी हैदराबादला घेऊन जाईन. दुसरी नक्कल मामींच्या कपाटात. आणि तिची पूजा करायची तर बाहेरून करा, प्लीज."

रविवारी वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपली, पानं उचलली गेली आणि बैठकीत सतरंजीवर वीसेक माणसं बसली. संग्रामसिंह दाराशी, लक्ष्मीकांतजी स्पीकरच्या वायरीपाशी. सौरव भिंतीला टेकून, डोळे मिटून. दिनकररावांनी क्रमांक सतरा लावला.

आधी पंख्याची घरघर आली. मग ताई खाकरली.

"खंडेनवमीला आबा हत्यारं काढायचे," ताईचा आवाज सांगत होता, सावकाश, न अडखळता. "आधी पट्टा, मग दोन तलवारी, मग जंबिया. ज्या क्रमानं खुंटीवरनं काढली त्याच क्रमानं सतरंजीवर मांडायची. आणि पूजा झाली की त्याच क्रमानं परत. ज्याची खुंटी त्याला. यात आबा कुणाचं ऐकायचे नाहीत. तू सात वर्षांचा होतास, दिनू, तू हौसेनं पुढे होऊन सगळी उलटीसुलटी टांगलीस. आबा दिवसभर बोलले नाहीत तुझ्याशी. शेवटी मीच सगळी उतरवून पुन्हा लावली."

कोणीतरी हसू दाबलं. पद्माबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दिनकरराव सतरंजीच्या रेघेकडे पाहत होते.

"ऐकतोयस न?" ताई विचारत होती. "का नुसतं मशीन लावून बसलायस?"

"ऐकतोय, ताई," रेकॉर्डिंगमधले दिनकरराव म्हणाले. मागे कागदाचं पान उलटल्याचा आवाज आला.

"मग सांग बरं, मी आत्ता काय सांगितलं?"

रेकॉर्डिंगमध्ये नुसता पंखा फिरत राहिला.

"ज्याची खुंटी त्याला," दिनकरराव म्हणाले, सतरंजीवरचे, मोठ्यानं. "त्याच क्रमानं."

पंखा आणखी थोडा फिरला. मग रेकॉर्डिंगमधले दिनकरराव चाचरत म्हणाले, "ताई, पाणी आणू?"

"आण," ताई म्हणाली. "फ्रिजमधलं नको."

दिनकरराव सतरंजीवरून अर्धे उठले होते. पद्माबाईंनी त्यांचा हात धरला आणि त्यांना हळूच खाली बसवलं.